शेवंतीचा ट्रेलर

माहा जन्म तांड्यातला. महागावच्या वरच्या अंगाले टेकड्यायच्या पोटात आमचा तांडा, पंचवीस-तीस घरं, आमी गोर लोकं, तुमी ज्याईले बंजारा म्हनता, लमान म्हनता, काय म्हनाचं ते म्हना मास्तर. आमचे आजे-पंजे लदेनी करत, म्हंजे बैलाच्या पाठीवर गोन्या लादून मीठ न्यावं, धान्य न्यावं, या मुलखातून त्या मुलखात, महिना-महिना चालत, मंग रेल आली, मोटर आली, बैलाच्या पाठीवरचं मीठ कोन घेते, तं आमी बसलो एका जागी अन् शेती कराले लागलो. माहा बा, फुलसिंग त्याचं नाव, तो लहान होता तवा शेवटच्या दोन-चार खेपा त्यानं आज्यासंगं केल्या, बस, तेवढ्या दोन-चार खेपांवर मानूस जिंदगीभर बोलला. तुमी लिहून राह्यले तं लिहा, मी काई अडवत नाही, पन हे वाचून कोनाचं काई भलं होईल असं मले वाटत नाही, आधीच सांगून ठेवतो.

बाची एक गोष्ट होती, ती समजली नाही तं पुढचं काई समजनार नाही. बा बोज पाहे. म्हंजे काय, तं पुढं बैलगाड्या आल्या, आमच्या तांड्याच्या गाड्या कापूस घेऊन पुसदच्या जिनिंगले जायच्या, अन् गाडी भरली की बैल जुपायच्या आधी बाले बोलवाचं. बा यायचा, समोर जाऊन उभा राहायचा, अन् उजव्या हाताचा पंजा असा जुवाखाली घालून जू उचलून पाहायचा. एका पंजावर जू साजरं उचललं गेलं तं म्हने जा, अन् जड लागलं तं म्हने दोन गोन्या मागं घ्या, बैलाची मान काय तुमच्या बापाची हाये का. गाडी थोडी उलाळ ठेवाची, म्हंजे बोज मागं झुकता ठेवाचा, म्हंजे बैलाच्या मानेवर काई येत नाही, हे आमच्या लोकायले आईच्या दुधासंगं पाजलेलं राहते. जनावराच्या मानेवर बोज टाकला तो मानूस कसाई, असं बा म्हने. आजूबाजूच्या तांड्यातून लोकं येत त्याले न्यायले, चला फुलसिंगदादा, गाडी भरली, हात लावून द्या. अन् बा असा चाले त्यायच्या पुढं, जसा काई नवरदेव.

मंग त्याचे गुडघे गेले. माही याडी, म्हंजे माय, गेली त्याच्या दुसऱ्या साली त्याचे गुडघे गेले, अन् मंग त्याले शेवंतीचाच आधार राह्यला. शेवंती म्हंजे घोडी, आमच्याच दारात जन्मलेली, फिक्कट पिवळ्या रंगाची, म्हनून शेवंती. चाल अशी नरम, की बा तिच्यावर बसून चिलीम भरे. दुसऱ्या तांड्यात लग्न हाये, शेवंती. कोनाची गाडी भरली, शेवंती. घरात सून होती, नातवंडं होती, पन सकाळी उठला की पहिली हाक शेवंतीले. मी एखाद दिवशी चिडून म्हने, बा, एक हाक आमालेबी मारत जा. तं म्हने, तुमी काय मले पाठीवर नेता का. आमी हासायचो. शेवंती होती तोवर तो मानूस होता, असं मी तुमाले सरळ सांगतो.

आता माहं सांगतो. मले बैल हाकायचा कंटाळा, मले मोटरीचं वेड. छप्पन साली, ज्या साली आपलं राज्य बदललं, नागपूर सुटलं अन् मुंबई लागली, त्याच साली मी पुसदले एका ढोरांच्या डॉक्टरकडं कामाले राह्यलो. पेन्शनीत निघालेले डॉक्टर, बामनाघरचे, त्यायचे भाऊ वकील, पुतने मास्तर, सगळं घर कागदातलं, अन् हे एकटे शेनामुतात. पन जीव लय जनावरावर. त्यायनं लिलावातली मिलिटरीची जीप घेतलती, घरची, सोताची. जीपीवर ड्रायव्हर होता तो पांढरकवड्याचा, मिलिटरीतून आलेला म्हातारा, त्याले सगळे उस्ताद म्हनत, मीबी उस्तादच म्हने, त्याचं खरं नाव मले त्याच्या मयतीले समजलं. मी जीप धुवे, टायर पाहे, पानी टाके, अन् उस्तादजवळ बसून शिके.

डॉक्टरसायबाचं असं झालं, की ज्या जनावराले चालवत नाही त्याले दवाखान्यात आनावं कसं. बैल, गाय कशीबी गाडीत टाकून आनतात, घोडा कोन आननार, तो खाली बसत नाही, उभ्यानं न्यावं लागते. तं सायबानं त्याच लिलावातलं एक दोन चाकाचं मिलिटरी ट्रेलर घेतलं, अन् सुतार, लोहार बसवून त्याच्यावर लाकडाच्या उंच बाजू, मागं उघडनारं फळीचं दार, तेच दार खाली पाडलं की चढाले उतार, अन् आत छातीसमोर एक आडवा वासा, असं सगळं तयार केलं. वाश्याले पुढं-मागं दोन खाचा होत्या, मोठं जनावर असलं तं एक, लहान असलं तं दुसरी. आख्ख्या तालुक्यात असं दुसरं नव्हतं. लोकं पाहाले येत. घोडं मोटरीत बसते म्हने.

अन् ते ओढनं काई सोपं नाही मास्तर. जीप केवढी, ट्रेलर केवढं, त्यात जितं जनावर, ते हालते, झुकते, माशी बसली तं पाय आपटते, अन् त्याचा एकेक धक्का तुमच्या बुडाखाली समजते. उस्तादनं मले दोन साल शिकवलं तवा कुठं एकट्याच्या हातात दिलं. उस्ताद सांगे, पहले गाडी जोड, बादमें जानवर चढा, कभी उलटा मत कर. हुकात कडी बसली का हात लावून पाह्य, खिळ टाकली का पाह्य, वरून साखळी बांध. दर पाच मैलाले थांब, चाकाच्या मुंडीले हात लाव, तापली तं बस तिथंच, जनावराच्या तोंडाले पानी लाव. उतार आला की उताराच्या आधी लहान गेर टाक, चारी चाकं लाव, उतारात उतरल्यावर नाही, आधी. अन् ट्रेलरची शेपूट हालाले लागली तं ब्रेकले पाय लावू नको, स्टेरिंग फिरवू नको, फक्त ॲक्सिलेटर सोड अन् देवाचं नाव घे. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, हे तो दररोज म्हने, वजन आगे. जनावर पुढं उभं कर, वासा पुढच्या खाचंत नको, मागच्या खाचंत तं मुळीच नको... नाही नाही, चुकलो मी, थांबा. वासा पुढच्याच खाचंत, म्हंजे जनावर पुढं राहते. मागची खाच फक्त मोठ्या घोड्याले, ज्याची मान-डोकं पुढं मावत नाही त्याले. पहा, आजबी बोलताना जीभ अडखळते. हुकावर वजन पायजे, उस्ताद म्हने, एका मानसानं ती कडी उचलली तं समज तू मेला.

काहून ते त्यानं कधी सांगितलं नाही. मीबी विचारलं नाही. उस्तादनं सांगितलं ना, मंग करा. मले काय कराचं ते ठाऊक होतं, काहून कराचं ते ठाऊक नव्हतं, अन् माहं सगळं वाटोळं त्याच्यात झालं.

तं झालं काय, शेवंतीच्या मागच्या पायात बाभळीचं खुंट गेलं. खुराच्या वर, आत मोडलं. बानं कडुलिंब केला, हळद केली, डाग दिला, पंधरा दिवसानं पाय असा सुजला की खाली टेकवेना. मले निरोप आला. मी डॉक्टरसायबाले सांगितलं, ते येऊन पाहून गेले, म्हनाले, धनसिंग, हे इथे होणार नाही, पाय कापावा लागेल असं नाही, पण आत खोलवर चिरावं लागेल, दवाखान्यात आण, घोडी वाचेल, मी सांगतो वाचेल. बा आधी ऐकेना. माही घोडी मोटरीच्या मागं बांधनार का, म्हने. मी त्याचे पाय धरले. म्हनलं, बा, मी सोता आनतो, माह्या हातानं नेतो, माह्या हातानं वापस आनतो. अन् तो हो म्हनला, अन् तेव्हा मले लय बरं वाटलं, कारन आजवर बानं माह्या मोटरीले कधी इज्जत दिली नव्हती.

उस्ताद तवा तापानं पडलेला. सायब म्हनाले, तू एकटा जाशील ना. म्हनलं, हाव.

सकाळी उन्हं वर आलती, मी तांड्यात जीप घेऊन पोचलो. आख्खा तांडा गोळा झाला, बाया, पोरं, म्हातारे. शेवंती दारावरून चढेना, तीन पायावर उभी, थरथरे, डोळे फिरवे. मी ओढलं, दोघाचौघांनी मागून लोटलं, काई नाही. मंग बा बाजूले व्हा म्हनला, अन् काठी टेकत टेकत सोता आधी ट्रेलरात चढला, आत जाऊन उभा राह्यला, अन् फक्त जीभ वाजवली. अन् ती गेली त्याच्या मागं. मी वासा पुढच्या खाचंत टाकला, दार लावलं, दोर बांधले. सगळं उस्तादनं सांगितलं तसं.

बा उतरला अन् जीपीकडं पाहून थबकला. जीप मागून खाली बसली होती. बोज आला की बसनारच, स्प्रिंगचे पाटे दबतात, नेहमी दबतात. पन बाले तसं दिसलं की जनावर बसलं. म्हने, धना, हे काय, तुह्या मशीनची मान दाबून राह्यली. म्हनलं, बा, मशीनले मान नसते. म्हने, ज्याले ओढाचं असते त्याले मान असते. सोड ती कडी, मले पाहू दे. मी नाही म्हनलो, एकदा म्हनलो, दोनदा म्हनलो, सगळा तांडा पाहून राह्यला, तांड्याचा मुखिया नाईक उभा, माहे चुलते उभे, अन् फुलसिंगदादा बोज पाह्यल्याशिवाय आमच्या तांड्यातून कोनती गाडी कधी हालली का. मी चाकाले दगड लावले अन् हूक उघडला. बानं पंजा घातला कडीखाली, जोर लावला, कडी हालेना. दोन्ही हात लावले, तरी हालेना. तो माह्याकडं असा पाह्यला, जसा मी कोनाचा जीव घेऊन राह्यलो. म्हने, हेच शिकला का तू पुसदले.

काय सांगू तुमाले, मी तवा तीस सालाचा बाप्या मानूस, दोन लेकरांचा बाप, अन् तिथं उभ्या उभ्या लहान झालो. मी म्हनलं, उस्ताद म्हनते वजन पुढं पायजे. बा म्हने, उस्ताद कोन्या तांड्याचा. लोकं हासले. मीबी हासलो. अन् मी वासा काढला अन् मागच्या खाचंत टाकला, शेवंतीले दीड हात मागं घेतलं, वैरनीचं पोतं मागं ठेवलं, पान्याचं पिंपबी मागं ठेवलं. बानं पुन्हा पंजा घातला अन् कडी वर आली, एका पंजावर, साजरी. मंग तो राजी झाला. अन् मी खरं सांगतो, आज लपवाचं काई राह्यलं नाही, मलेबी ते बरोबरच वाटलं. नुसतं बाच्या भेवानं केलं असं नाही. जीप वर उचलल्यासारखी झाली, सरळ दिसाले लागली, अन् माह्या डोळ्यालेबी तेच पटलं. डोळा तं तांड्याचाच ना माहा.

बा माह्या बाजूले बसला. मोटरीत पहिल्यांदा. निंघालो. सपाट रस्त्यावर जीप अशी हलकी चालली की मले नवल वाटलं, रोज उस्तादसंगं जाताना ती कन्हत कन्हत जाये. बा मागं वळून वळून शेवंतीकडं पाहे अन् मले म्हने, पाह्य, बोज कसा बसला, पाह्य, तुह्या मशीनलेबी आराम पडला. लय खुशीत होता. आज्याच्या गोष्टी सांगाले लागला, मीठ कसं आनलं, नदी कशी उतरली. मी आयुष्यात माह्या बाजवळ इतका वेळ बसलो नव्हतो मास्तर. मीबी खुश. पाच मैलाले थांबाचं ते मी थांबलो नाही, म्हनलं लवकर पोचू, पाय दुखत असन तिचा. थोडी घाई माहीबी होतीच, ते मी नाकारत नाही.

पुसदच्या अलीकडं एक लांब उतार हाये, खाली वळन घेते. तिथं लहान गेर टाकाचा होता. गाडी हलकी चालून राह्यलती, बा बोलून राह्यलता, मी टाकला नाही. अर्ध्या उतारावर माह्या बुडाखाली काहीतरी सरकलं. शेपूट एकदा इकडं, एकदा तिकडं. लहानसं. मंग मोठं. जीपीचं मागचं अंग उचलल्यासारखं व्हाले लागलं, स्टेरिंग हातात अन् गाडी दुसऱ्याच्याच हातात. मले उस्तादचा शब्द न् शब्द आठवला, ब्रेक नाही, ब्रेक नाही. अन् बा मागं पाहून वरडला, थांबव, धना, थांबव, पडते ती. अन् मी ब्रेक दाबला. बापानं वरडून सांगितलं तं पाय कोनाचं ऐकते.

ट्रेलर आडवं झालं. साखळीनं जीप ओढली, जीप रस्त्याले आडवी झाली, उलटली नाही. आमाले दोघायले खरचटलंबी नाही म्हना ना. शेवंती फळ्यायच्या खाली.

एक ट्रकवाला थांबला, त्यानं पुसदले निरोप नेला, डॉक्टरसायब दुसऱ्या कोनाच्या मोटरीनं आले. तोवर बा रस्त्यावर बसून तिचं डोकं मांडीवर घेऊन होता. कंबरच मोडलती तिची. ती वरडत नव्हती, नुसता श्वास घेये. सायब वाकले, हात लावून पाह्यलं, बाकडं पाह्यलं, मान हालवली अन् सुई काढली. बानं तिच्या डोळ्यावर पंजा ठेवला. मंग झालं.

सायब ट्रेलरजवळ गेले, अन् मी पाहून राह्यलो, ते कुठं पाहतात. ते वाश्याकडंच पाहून राह्यले. मले बाजूले घेतलं. हळू आवाजात म्हनाले, धनसिंग, वासा मागच्या खाचेत कोणी घातला. म्हनलं, मी. म्हनाले, पिंपही मागे ठेवलंस. म्हनलं, हाव, मीच. ते म्हनाले, अरे, उस्ताद तुला दोन वर्षं काय सांगत होता, मागे वजन गेलं की ट्रेलर जीप उचलतं, उतारावर शेपूट हलते, मग ते देवाच्याही हातात राहत नाही. इतकं साधं होतं ते, अन् मले दोन सालात कोनी सांगितलं नव्हतं, अन् सांगितलं तं तिच्या मढ्याजवळ. चिडले नाहीत ते. फक्त म्हनाले, आता तुझ्या हातात जनावर देणं मला जमणार नाही. दुसऱ्या दिवशी चाबी त्यायच्या टेबलावर ठेवून आलो.

बा म्हने, काय म्हनून राह्यला डॉक्टर. तो रस्त्यावरच बसून होता, शेवंतीचं डोकं मांडीवर, अन् त्यानं मान वर करून मले विचारलं. मास्तर, मी काय सांगतो. म्हनतो का, की बा, तुह्या पंजानं मेली ती? मी म्हनलं, सायब म्हनतात माही चूक हाये, मी जोरात हाकली. बानं तिची आयाळ सारखी केली. मंग म्हने, बोज तं बरोबर होता. म्हनलं, हाव बा, बोज बरोबर होता.

बस. तेवढ्या एका शब्दावर मी सात-आठ साल काढले.

नोकरी तं तवाच गेलती. पांढरकवड्याले, इथंच, या मोठ्या रस्त्यावर, उस्तादनं मले पंक्चरच्या दुकानात लावून दिलं. उस्तादले मी काई सांगितलं नव्हतं, त्याले न सांगता समजलं. म्हने, तेरे बापने पीछे करवाया ना. मी टायर उचलून बाजूले ठेवला. म्हने, बोल दे उसको. म्हनलं, नाही. म्हने, पागल है तू, आज बोलेगा तो एक दिन रोएगा, नहीं बोलेगा तो रोज तू रोएगा. मंग उस्तादबी गेला, अन् हे जाननारा मीच एकटा राह्यलो.

तांड्यात बानं गोष्ट सांगनं सुरू केलं. होळीले जा, बा सांगून राह्यला, लग्नाले जा, बा सांगून राह्यला. माह्या हातानं बोज पाह्यला होता, कडी अशी एका पंजावर आलती, पन या पोट्ट्यानं घाई केली, माही शेवंती खाल्ली. मी तिथंच बसून राहे, खाली मान घालून. लोकं मले पाहून म्हनत, हा तो, घोडीवाला. माही घरवाली म्हने, मी आता जात नाही तुमच्या तांड्यात. अन् बा मले काई कमी करे असं नाही, जेव म्हने, बस म्हने, पन हाक मारे तं अशी, जशी कोन्या उधळ्या ढोराले मारावी. मी म्हनो, म्हनू दे. त्याचे पाय गेले, घोडी गेली, निदान पंजा तं राहू दे. तवाबी लोकं त्याले न्यायचे गाडी पाहाले, दोघं दोघं खांदा देऊन.

मंग दोन सालामागं नाईकाच्या घरी ट्रॅक्टर आला. त्याच्यामागं दोन चाकाची ट्रॉली. मी तवा गावाकडं गेलतो. कापूस भरून पुसदले जाचा होता, गोन्यांवर दहा-बारा बाया, लेकरं बसनार, बाजाराले जाले. अन् बाले आनलं. बाजेवरून उतरवला त्याले, ट्रॉलीसमोर उभा केला, अन् त्यानं पंजा घातला. म्हने, जड हाये, मागं घ्या, सगळा कापूस मागं घ्या. अन् पोरं गोन्या मागं लोटाले लागले.

मी तिथं उभा. मले तो उतार दिसला. बाया वर चढाले लागल्या, एकीच्या कमरेवर लेकरू. मी म्हनलं, बा, नको, मागं नको. बा म्हने, कोन, धना का, तू मले बोज शिकवशील? हासले लोकं. मी म्हनलं, मशीनचं उलटं असते बा. म्हने, तुहं तोंड हाये का बोलाले, माही घोडी कोनं मारली. अन् मंग माह्या तोंडातून निंघालं. सगळ्यांसमोर निंघालं. म्हनलं, बा, ती बोज मागं होता म्हनून पडली. डॉक्टर तेच म्हनलते. मी खोटं बोललो तुह्यासंगं.

गोन्या लोटनारे पोरं थांबले. मंग एक चुलता म्हने, आता सोताचं पाप बापावर टाकून राह्यला. बा काई चिडला नाही. म्हने, याडीची आन घे. मी याडीची आन घेतली. मंग त्यानं ट्रॉलीच्या दांडीखालचा हात काढला. अन् एवढंच विचारलं, तिले दीड हात मागं घेतलं नसतं तं ती वाचली असती? मी म्हनलं, कदाचित. मले तवाबी ‘नाही’ असं म्हनता आलं असतं, एक खोटं आनखी बोललो असतो तं काय बिघडत होतं, पन माह्यात तेवढंबी उरलं नव्हतं. नाईकानं गोन्या पुढं घेतल्या, ट्रॅक्टर गेला, साजरा पोचला, वापसबी आला. उलटला असता का नाही, ते कोनाले ठाऊक. लोकं म्हनतात, उलटला नसता, उगाच म्हाताऱ्याचं नाव घालवलं पोरानं. कोनी मले भलं केलं म्हनलं नाही, अन् मलेबी तसं वाटत नाही.

त्या दिवसापासून बाले कोनी गाडी पाहाले नेलं नाही. नेलं असतं तं तो गेला नसता. मी त्याले इथं पांढरकवड्याले आनला, दुकानामागं राहतो, तो काय पडदा दिसते ना, त्याच्या पलीकडं. रागात नाही. रागात असता तं बरं होतं, शिव्या देल्या असत्या तं मी जेवलो असतो पोटभर. आता तो मले सगळं विचारते. बाज कुठं टाकू, विचारते. लोटा इकडं ठेवू का तिकडं ठेवू, विचारते. चिलीम भरताना तंबाखू दाखवते अन् म्हनते, इतका बस का. आख्ख्या मुलखाच्या गाड्या ज्यानं लावून देल्या तो मानूस, मास्तर, सोताचा लोटा ठेवाले माह्या तोंडाकडं पाहते. मी ठेव ना बा कुठंबी म्हनतो, तं हातात धरून बसते.

मागच्या आठवड्यात त्याले ताप भरला, श्वास लागला, दवाखान्यात न्याचा होता. ओळखीचा जीपवाला थांबला, मागं ट्रेलर होतं लहानसं, सामान उतरवलेलं, रिकामं. पुढं जागा नव्हती, त्यात गादी टाकली. मी बाले उचललं, काई वजन राह्यलं नाही त्याचं, लेकरासारखा आला हातावर. ट्रेलरात ठेवाले गेलो तं त्यानं माही बाही धरली. म्हने, धना, तू सांग, मी कुठं निजू, पुढं का मागं.

म्हनलं, पुढं बा. तो पुढं सरकला, माह्या हाताच्या आधारानं, लय जपून, अन् मले म्हने, इतका बस?

म्हनलं, बस. आता बरा हाये, ताप उतरला, डॉक्टर म्हनतात काढन एखाद दोन साल. काढू दे. तुमचा बाप जिता असन तं त्याच्याजवळ जाऊन बसा मास्तर, अन् तुमच्या घरात असं काई सांगाची पाळी कोनावर न येवो. चहा थंड झाला तुमचा, दुसरा सांगतो.